शून्य धरलेलं रक्त

वहिनीचं रक्त प्रयोगशाळेत सगळ्यांचं लाडकं होतं. ऐकायला हे जरा भलतंच वाटेल, पण तिथे काम करणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. सुई टोचली की रक्त लगेच यायचं, मध्येच रुसून थांबायचं नाही, आणि वरचा पिवळसर प्लाझ्मा इतका स्वच्छ सुटायचा की एरवी कशालाच चांगलं न म्हणणाऱ्या, तिथल्या प्रमुख मॅडमसुद्धा नळी उजेडात धरून मान डोलवत. शिवाय वहिनी आली की तेवढा वेळ सगळ्यांना हसवून जायची. ती बायकांना गाडी चालवायला शिकवायची. ज्यांच्यापुढे बाकीच्या ड्रायव्हिंग स्कूलनी हात टेकले अशा घाबरट बायका हमखास तिच्याकडे येत. दंडाला पट्टा बांधून घेताना ती त्यांचे किस्से सांगायची. एक बाई म्हणे वळताना डोळे मिटून घ्यायची आणि वळण संपलं का, असं वहिनीलाच विचारायची.

तिला तिथे आणलं ते तिच्या नणंदेने. या नणंदेला घरात वेंधळी म्हणत, आणि आपणही तेच म्हणू, कारण पुढे जे झालं त्यात या नावाचा वाटा मोठा आहे. आई गेली तेव्हा ही पोर शाळेत होती आणि दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनीच्या गळ्यात नवऱ्याबरोबर नवऱ्याची बहीणही पडली. वहिनीने तिचं सगळं केलं. वेण्या घातल्या, तापात रात्री जागवल्या, गणितं घोटून घेतली. पोरीच्या हातून पेला फुटला, शाई सांडली, की ती म्हणायची, वेंधळी ती वेंधळीच, आणि स्वतःच फडकं घेऊन पुसायला बसायची. त्यात मायाच होती, कोणी नाही म्हणत नाही. पण मायेने म्हटलेलं असलं तरी रोज कानावर पडलेलं नाव माणसाच्या अंगात मुरतं. मोठी झाल्यावर वेंधळीचा हात अख्ख्या प्रयोगशाळेत सगळ्यात स्थिर होता. पिपेटमधला थेंब तिच्या मर्जीबाहेर पडत नसे. हे सगळ्यांना दिसत होतं, एक तिला सोडून.

तिथे काम चालायचं ते एक्झोसोमवर. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी सतत बारीक बारीक पुड्या बाहेर टाकत असते, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारही नाहीत इतक्या बारीक. त्या रक्तातून हिंडतात आणि ज्या पेशीतून निघाल्या तिथला माल त्यांच्यात असतो. कॅन्सरच्या पेशी तर अशा पुड्या पोत्याने सोडतात. त्या पुढे जाऊन दुसऱ्या अवयवांत जागा तयार करतात, म्हणजे मागून येणाऱ्या बिऱ्हाडाला अडचण नको. स्तनातली गाठ निदान हाताला तरी लागते. बीजकोशातला कॅन्सर मात्र आतल्या गाठीचा. पोट जरा फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, आणि बाई म्हणते वय झालं. तो उघड होतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याच्या पुड्या रक्तात आधीच ओळखता आल्या तर, एवढ्या एका आशेवर मॅडमनी सगळा संसार मांडला होता.

मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते. आजारी बायकांच्या पुड्यांमध्ये अमुक प्रथिन जास्त आहे असं म्हणायचं, तर कोणापेक्षा जास्त? त्यासाठी मॅडमना एक धडधाकट, पन्नाशीच्या आसपासची बाई हवी होती, आणि दर तीन-चार महिन्यांनी न कुरकुरता रक्त देणारी हवी होती. एकाच बाईचं रक्त असलं की माप हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. वेंधळीने घरी जेवताना हे सांगितलं तर वहिनीने तिथल्या तिथे बाही वर केली. तिला आयुष्यात कधी साधं सर्दीपडसं झालेलं कोणाला आठवत नव्हतं. तेव्हापासून तिच्या रक्तातल्या पुड्यांचं जे माप येई त्याला सगळे शून्य म्हणू लागले आणि आजारी बायकांची मापं त्या शून्यापासून धरू लागले. फ्रीझरमध्ये वहिनीच्या नळ्यांचा वेगळा कप्पा होता. त्यावर वेंधळीने स्वतःच्या हाताने शून्य काढलं होतं.

पहिले काही महिने सगळ्यांना आभाळ ठेंगणं झालं. आजारी बायका आणि वहिनी यांच्यात ढळढळीत फरक दिसत होता. मग तो फरक कमी होऊ लागला. वहिनीची दुसऱ्या खेपेची नळी वापरायला काढली तेव्हा थोडा, तिसऱ्या खेपेला आणखी. पुढे पुढे तर आजारी कोण आणि धडधाकट कोण हे आकड्यांवरून सांगता येईना. मॅडमनी रसायनं बदलली, नळ्या बदलल्या, फ्रीझर दुरुस्त करणाऱ्याला बोलावून त्याच्यावर उगाच डाफरून घेतलं. कशाचा उपयोग होईना.

वेंधळीने सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. रक्त फिरवण्यापासून मोजण्यापर्यंत सगळं तिच्याच हातून होत होतं, मग चूक दुसरीकडे कुठे असणार? तिने वेग तपासला, वेळ तपासली, एकेक काम डोळ्यांत तेल घालून पुन्हा केलं. वजन उतरलं तिचं त्या काळात. आणि काम पुन्हा करायचं म्हणजे रक्त पुन्हा हवं, म्हणून ती वहिनीला पुन्हा बोलवायची.

"माझ्या रक्तात काही खोट निघाली का ग?" असं वहिनीने एकदा हसत विचारलंही होतं. वेंधळीने मान खाली घालून सांगितलं, तुझं रक्त उत्तम आहे, माझंच काहीतरी चुकतंय. यावर वहिनीने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, मग नीट कर की, वेंधळी कुठली.

त्याच दिवशी वहिनी तिला घरी सोडायला निघाली. गाडी चालवताना सीटबेल्ट पोटावर टेकू नये म्हणून ती डाव्या हाताच्या अंगठ्याने तो पुढे ओढून धरत होती. वेंधळीने ते पाहिलं. वहिनी म्हणाली की हल्ली पोटाला काही टेकलेलं सहन होत नाही, दोन घास खाल्ले तरी गच्च वाटतं, बसून बसून शिकवण्याचा धंदा, दुसरं काय. जी बाई दिवसभर याच तक्रारी घेऊन आलेल्या बायकांच्या नळ्या हाताळत होती, ती शेजारच्या सीटवर बसून स्वतःच्या चुकलेल्या आकड्यांचा विचार करत होती. सांगताना आजही चीड येते, पण असंच झालं.

शेवटी वेंधळीने ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा. फ्रीझरच्या तळाला वहिनीच्या अगदी पहिल्या खेपेच्या काही नळ्या शिल्लक होत्या. त्या आणि नंतरच्या सगळ्या खेपांच्या नळ्या एकाच दिवशी, एकाच रसायनात, एकत्र मोजायच्या. बाई एकच, रक्त तिचंच, मग आकडे सारखे यायला हवेत. नाही आले तर नंतरच्या खेपा आपण बिघडवल्या हे सिद्ध होईल आणि मॅडमपुढे जाऊन काम दुसऱ्याच्या हातात देता येईल. स्वतःला दोषी ठरवायला माणूस इतकी मेहनत घेतो हे बघून हसावं की रडावं कळत नाही.

आकडे सारखे आले नाहीत. पहिल्या खेपेचा खाली होता. दुसरीचा त्याच्या वर, तिसरीचा त्याच्याही वर, आणि परवाच्या खेपेचा सगळ्यात वर, आजारी बायकांच्या रांगेत बरोबर मधोमध. वेंधळी बघत राहिली. हात चुकला तर आकडा एकदा वर जातो, एकदा खाली येतो. चूक अशी शिस्तीत पायरी पायरीने चढत नाही. आणि जुन्या नळ्या फ्रीझरमध्ये पडून खराब झाल्या म्हणाव्यात, तर पहिल्या खेपेचा आकडा ताजेपणी आजारी बायकांच्या जितका खाली होता तितकाच आजही होता. तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग तिच्या लक्षात आलं की तिचा हात कधी चुकलाच नव्हता, बदललं होतं ते वहिनीचं रक्त.

मॅडम आल्या. पडद्यावरची चढती रेघ बघून त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपली पद्धत चालते," त्या म्हणाल्या. "धडधाकट असल्यापासून पुढे पायरी पायरीने दिसतंय. असं कोणाकडेच..." तेवढ्यात ती रेघ कोणाची आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि वाक्य तसंच राहिलं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या की प्रयोगशाळेतल्या आकड्यावरून कोणाला आजारी म्हणायचं नसतं, आपण चुकतही असू, तू आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. आपण चुकतोय असं त्या दोघींनाही वाटत नव्हतं.

वहिनी मैदानात एका बाईला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. वेंधळी कडेला उभी राहिली. ती बाई उतरून गेल्यावर ती जाऊन तिच्या जागी बसली आणि म्हणाली, "वहिनी, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. तुझ्या रक्तात काहीतरी दिसतंय." वहिनीने हात लांबवून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. काय दिसतंय हे तिने विचारलंच नाही. तिने विचारलं, दादाला सांगितलंस का? वेंधळी नाही म्हणाली. "मग आधी तपासून येऊ," वहिनी म्हणाली. "उगाच त्याच्या जिवाला घोर नको."

घोर चुकला नाही. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांवर गाठी दिसल्या, पोटात पाणी साठलं होतं, आणि ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की आजार पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडे पसरलाय, काढता आलं तेवढं काढलं. दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याला धीर द्यावा म्हणून डॉक्टर म्हणाल्या की लवकर कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण मनाला लावून घेऊ नका, हा आजार लवकर कोणालाच कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्या वेंधळीने ते 'कोणालाच' ऐकलं.

पुढे केमोथेरपी सुरू झाली, आणि तिच्याबरोबर वेंधळीचं कौतुकही. वहिनीने वॉर्डभर सांगून ठेवलं होतं की माझ्या नणंदेने पकडलं हे, डॉक्टरांच्याही आधी. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, सलाईन बदलणाऱ्या नर्सला सांगितलं, भेटायला आलेल्या, गाडी शिकणाऱ्या बायकांना तर मीठमिरची लावून सांगितलं. दादा कौतुक वगैरे करणाऱ्यातला नव्हे. तो एक दिवस वेंधळीच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग चहा आणतो म्हणून निघून गेला. वेंधळीला वाटलं, त्याने त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

किती दिवस हे गिळायचं? एका दुपारी दादा खाली गेला होता. वहिनी नव्या आलेल्या पेशंटला तीच गोष्ट पुन्हा सांगत होती. ती बाई तपासणीला गेल्यावर वेंधळीने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"वहिनी, असं सांगत जाऊ नकोस सगळ्यांना. मला वेळेवर नाही कळलं."

वेंधळीने मग सगळं सांगितलं. पहिल्या खेपेपासूनचे आकडे, शून्य म्हणून धरलेल्या नळ्या, फरक कमी होत जाणं, शेवटचं मोजमाप. गाडी ठोकून आलेल्या बाईचं बोलणं ऐकावं तसं वहिनीने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"कधीपासून दिसत होतं?"

"दुसऱ्या खेपेपासून. वर्ष होऊन गेलं."

"वर्ष," वहिनी म्हणाली. "आणि वर्षभर तुला काय वाटत होतं?"

"मला वाटलं माझा हात चुकतोय."

"तुझा हात कशाला चुकेल? तू काय..." एवढं बोलून वहिनी थांबली. पुढचं तिला स्वतःलाच ऐकू आलं असावं. तिचा चेहरा हळूहळू आक्रसला. तिने कूस बदलली, सलाईनची नळी ताणली गेली ती वेंधळीने पटकन सैल केली, आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दादा चहा घेऊन आला तेव्हा त्याला वाटलं ती झोपली.

त्यानंतर वहिनी तिच्याशी बोलेना. वेंधळी यायची, बसायची, पाण्याचा पेला पुढे करायची. वहिनी तो घ्यायची आणि नजर दुसरीकडे वळवायची. नणंदेवर राग होता, स्वतःवर होता, की त्या वर्षावर होता, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. दादाने विचारलं तर दोघींनीही काही नाही म्हणून सांगितलं. वेंधळीने ठरवलं, उद्यापासून यायचं नाही, आपल्याला बघून तिला त्रासच होतो. ती पिशवी उचलून निघाली तेव्हा मागून आवाज आला.

"मला राग आलाय," वहिनी म्हणाली. छताकडे बघत म्हणाली. "तो एवढ्यात जाईल असं वाटत नाही. जाईपर्यंत मी असेन की नाही, तेही माहीत नाही. पण तू येत जा. रोज येत जा."

वेंधळी रोज जाऊ लागली. वहिनीचे केस गेले, नखं काळी पडली, एके काळी सुई लागताच रक्त देणाऱ्या त्या हाताची शीर शोधताना नर्सला घाम फुटू लागला. वेंधळी तिचे पाय चेपायची, ओठांना ओला कापूस लावायची. त्या दोघी साधंच काहीतरी बोलायच्या. त्या प्रकरणाचा विषय कोणी काढत नसे. माफीबिफीची भाषा वहिनीने केली नाही आणि वेंधळीने मागितली नाही, कारण मागितली आणि ती नाही म्हणाली तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेत मॅडमनी आता पुष्कळ बायकांचं रक्त एकत्र करून नवं शून्य तयार केलं होतं. फरक पुन्हा ढळढळीत दिसू लागला. यातून उद्या कोणीतरी दुसरी बाई वाचेल, असं मॅडम सारख्या म्हणत, बिचाऱ्या धीर द्यायलाच म्हणत. वेंधळीला त्या दुसऱ्या बाईशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला हीच बाई हवी होती.

एका संध्याकाळी वहिनीने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि म्हणाली, घेऊन जा थोडं, तुमच्या कामाला येईल. वेंधळीने नको म्हटलं, मग वहिनीने डोळे वटारले, तेवढी ताकद अजून होती तिच्यात. नर्सने कशीबशी एक नळी भरून दिली. वेंधळीने त्यातला प्लाझ्मा वेगळा करून ठेवला. त्यातल्या पुड्या वेगळ्या करायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होतं. त्याला सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, कित्येक तास चालू ठेवावं लागतं आणि मध्येच सोडून जाता येत नाही.

त्या सकाळी दादाचा फोन आला तेव्हा तिने यंत्र तसंच टाकलं आणि धावत सुटली. वहिनीचा श्वास घरघरत होता. वेंधळीने तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, आले ग मी. वहिनीने डोळे उघडले नाहीत. दुपार व्हायच्या आत ती गेली. राग गेला होता की नाही, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

नंतर दोघं बहीणभाऊ बाहेरच्या बाकावर बसले. कोणीतरी कागदांवर सह्या घ्यायला येणार होतं. दादा चपलेकडे बघत म्हणाला की सकाळी तुला फोन करायच्या आधी ती जरा शुद्धीवर आली होती, पण मला काही तिने ओळखलं नाही.

"तुझंच विचारत होती सारखी," तो म्हणाला. "ती आली का, ती आली का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, येतेय. वाटेतच आहे."

वेंधळीने मान हलवली. तेव्हा ती प्रयोगशाळेत होती, वहिनीच्या रक्ताची नळी यंत्रात ठेवून ते थांबायची वाट बघत.